दोन मार्कांचा माणूस

फ्लुइड मेकॅनिक्सच्या पेपरात एक प्रश्न हमखास येतो. फ्रूड नंबर म्हणजे काय? मार्क दोन. उत्तरही ठरलेलं. वेग भागिले, वर्गमुळात गुरुत्वाकर्षण गुणिले लांबी. हे मी पाठ केलं, पेपरात लिहिलं, दोन मार्क घेतले आणि विसरून गेलो. (विषय तरीही राहिलाच, ती गोष्ट वेगळी!) फ्रूड हे कुणा माणसाचं आडनाव आहे, त्यालाही आईबाप, बायकापोरं असतील, हे आमच्या रूममध्ये कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं. आपल्यासाठी रेनॉल्ड्स, वेबर, मॅक, फ्रूड हे सगळे नुसते नंबर!

मित्रांनो, या माणसाची आणि माझी ओळख झाली ती एका फसलेल्या मॉडेलमुळे. तीच ओळख तुम्हाला करून द्यावी म्हणून हा लेख.

झालं असं, की गॅदरिंगच्या प्रदर्शनात काहीतरी वेगळं मांडायचं आम्ही चौघांनी ठरवलं. इंजेक्शनच्या सिरिंजची क्रेन आणि पंख्याची पवनचक्की दरवर्षीच असते. लायब्ररीतल्या एका जुन्या पुस्तकात कॅटलिना नावाच्या उडत्या बोटीचा फोटो सापडला. उडती बोट म्हणजे असं विमान, की ज्याचं पोटच होडीसारखं असतं आणि ते थेट पाण्यावर उतरतं. दुसऱ्या महायुद्धात मद्रासजवळच्या रेड हिल्स तलावावरून कॅटलिना उडत होत्या. त्याआधी १९३० च्या दशकाच्या शेवटी इंग्लंडहून कलकत्त्याकडे जाणाऱ्या प्रवासी उडत्या बोटी कराचीनंतर राजस्थानात राजसमंदच्या आणि पुढे ग्वाल्हेरच्या तलावावर उतरत. म्हणजे समुद्र नसला तरी चालतं, तलाव पुरतो! मग वाशिम जिल्ह्यातल्या पोरांनी उडती बोट करायला काय हरकत आहे?

प्रमाण ठरलं १:२५. खऱ्या कॅटलिनाची लांबी साडेएकोणीस मीटर, म्हणजे आमची ७८ सेंटिमीटर. पंख ३१.७ मीटर, म्हणजे आमचे १२७ सेंटिमीटर. थर्माकोलचं पोट, बांबूच्या कामट्या, कार्डशीट, फेव्हिकॉल, वरून ऑइल पेंट. पाच रात्री जागून बोट झाली आणि दिसायला खरंच झकास झाली. आता तिला पाण्यावरून ओढायचं, मोबाइलवर शूटिंग करायचं आणि प्रदर्शनात पडद्यावर असं दाखवायचं, की बघणाऱ्याला खरंच विमान पाणी कापत चाललंय असं वाटलं पाहिजे.

हॉस्टेलच्या मागच्या हौदात पहिली चाचणी घेतली. बोट पाण्यावर वाळलेल्या पानासारखी तरंगली. तंगुसाने ओढली तर टणाटण उड्या मारत सुटली. पाण्यात बारीक वळवळत्या लाटा उठल्या, हौदाच्या भिंतीवर आपटल्या, परत आल्या आणि सगळा चिखल झाला. शूटिंग पाहिलं तर शेंबडं पोरही सांगेल, की हे टबातलं खेळणं आहे. त्यातच ऐन टंचाईत, टँकरच्या पाण्यात खेळ मांडला म्हणून रेक्टर सरांची बोलणी खावी लागली. ती बरोबरच होती. पण प्रदर्शनाची यादी करणाऱ्यांनीही, हे खेळणं आहे, यात इंजिनिअरिंग काय, असं विचारलं तेव्हा मात्र तोंडाला कुलूप लागलं. इंजिनिअरिंग काय ते आम्हालाच माहीत नव्हतं.

शेवटी आमच्या फ्लुइडच्या सरांकडे गेलो. त्यांनी बोट हातावर तोलली आणि दोनच गोष्टी विचारल्या. वजन किती आणि वेग किती? आम्ही लांबी, रुंदी, उंची सगळं २५ ने भागलं होतं. वजन आणि वेळ मात्र कशानेच भागले नव्हते! सरांनी फळ्यावर फ्रूड एवढं एकच नाव लिहिलं आणि सांगितलं, या माणसाची माहिती वाचा, मग या.

विल्यम फ्रूड यांचा जन्म २८ नोव्हेंबर १८१० चा. गाव डार्टिंग्टन, इंग्लंडच्या नैर्ऋत्येकडच्या डेव्हन परगण्यातलं. वडील तिथल्या चर्चचे धर्माधिकारी. घर मोठं आणि विद्वानांचं. थोरले भाऊ हरेल धर्मसुधारणेच्या चळवळीत नावाजले, धाकटे जेम्स अँथनी प्रसिद्ध इतिहासकार झाले. मधल्या विल्यमला गणिताचा आणि हाताने वस्तू करण्याचा नाद. ऑक्सफर्डला गणितात पहिला वर्ग मिळवून १८३२ मध्ये ते बाहेर पडले. पुढे १८३७ मध्ये ब्रिस्टल आणि एक्सेटर रेल्वेवर ब्रुनेल या नामांकित इंजिनिअरच्या हाताखाली लागले. सिव्हिलवाल्यांनो, रूळ सरळ रेषेतून वळणात जाताना गाडीला झटका बसू नये म्हणून आपण जो ट्रान्झिशन कर्व्ह आखतो, त्याच्या आखणीची एक पद्धत याच माणसाने त्या काळात बसवली.

नोकरी चांगली होती, वरिष्ठ चांगला होता, नाव होत होतं. पण १८४६ मध्ये वडिलांची तब्येत ढासळली आणि फ्रूड यांनी पूर्णवेळचं काम सोडून दिलं. वय अवघं पस्तीस. वडील १८५९ पर्यंत जगले. म्हणजे ऐन उमेदीची तेरा वर्षं हा माणूस गावी राहिला. आपल्याकडे असं कुणी घरी परतलं की लोक लगेच म्हणतात, संपलं याचं करिअर! फ्रूड यांचं खरं काम तर अजून सुरूही व्हायचं होतं.

त्याला कारण झाले पुन्हा ब्रुनेलच. ते ग्रेट ईस्टर्न नावाचं अवाढव्य जहाज बांधत होते. लांबी ६९२ फूट, त्या काळी जगात एवढं मोठं जहाज कुणी पाहिलंच नव्हतं. हे धूड लाटांवर किती डोलेल, हे आधी सांगायचं कसं? १८५७ च्या सुमारास हा प्रश्न ब्रुनेलनी फ्रूड यांच्यापुढे ठेवला. फ्रूड यांनी त्यावर विचार केला आणि १८६१ मध्ये लंडनच्या नौकास्थापत्य संस्थेत निबंध वाचला. सार साधं होतं. झोक्याला त्याच्या तालात धक्के दिले की झोका चढत जातो. जहाजालाही डोलण्याचा स्वतःचा ताल असतो आणि लाटांचा ताल त्याच्याशी जुळला, की डोलणं वाढतच जातं. हा विषय नुसता कागदावरचा नव्हता. १८७० च्या सप्टेंबरमध्ये कॅप्टन नावाची ब्रिटिश युद्धनौका वादळात उलटली आणि जवळजवळ पाचशे माणसं बुडाली. तीही दुसऱ्या कारणाने, म्हणजे उलटताना सावरण्याची ताकद कमी पडल्याने. पण जहाज बांधायचं, समुद्रात लोटायचं आणि मग काय होतं ते पाहायचं, या पद्धतीची किंमत कशात मोजावी लागते, ते सगळ्यांना दिसलं.

मग फ्रूड यांनी दुसरा प्रश्न घेतला. जहाज ओढायला किती जोर लागतो? इंजिन केवढं घालायचं ते यावर ठरणार. लहान मॉडेल ओढून हे कळावं असं पुष्कळांना वाटलं होतं आणि बहुतेकांचे हात पोळले होते. मॉडेलवरून काढलेला आकडा मोठ्या जहाजाला लागूच पडत नसे. त्यामुळे मॉडेल म्हणजे पोरखेळ, असं तज्ज्ञांचं मत झालेलं.

१८६७ मध्ये फ्रूड यांनी डार्ट नदीत दोन आकारांची मॉडेलं ओढली. एकाचं नाव हंस, टोकं गोलसर. दुसऱ्याचं कावळा, टोकं अणकुचीदार. प्रत्येक आकाराची तीन मापं: ३ फूट, ६ फूट आणि १२ फूट. अणकुचीदारच चांगलं हा तेव्हाचा समज. प्रयोगात दिसलं, की कमी वेगाला कावळा सरस आणि जास्त वेगाला हंस! पण खरी गंमत पुढे आहे. एकाच आकाराची लहान आणि मोठी होडी सारख्याच वेगाने ओढली, तर त्यांच्या लाटा अगदी वेगळ्या दिसत. मात्र लहानीचा वेग लांबीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात कमी केला, की दोघींच्या मागच्या लाटांची नक्षी हुबेहूब सारखी! चार मीटर लांबीची होडी आणि एक मीटरची होडी यांची तुलना करायची, तर लहानीने निम्म्या वेगाने जायला हवं. आपण दोन मार्कांसाठी पाठ करतो तो नंबर हाच. दोघींचा फ्रूड नंबर सारखा ठेवा, म्हणजे पाणी दोघींशी सारखं वागतं.

एवढ्याने काम झालं नाही. लाटा जुळल्या तरी ओढण्याच्या जोराचा हिशोब जुळेना, कारण पाणी जहाजाच्या अंगाला घासतं आणि ते घर्षण या नियमाने चालत नाही. इथे फ्रूड यांच्या बुद्धीची कमाल दिसते. त्यांनी जोराचे दोन हिस्से केले. एक लाटा उठवण्यात जाणारा, दुसरा घर्षणात जाणारा. घर्षणासाठी पुढे त्यांनी १ फुटापासून ५० फुटांपर्यंतच्या फळ्या पाण्यातून ओढल्या, कुणाला व्हार्निश, कुणाला वाळू, कुणाला कापड चिकटवून. फळीवरून घर्षण मोजायचं, मॉडेलच्या एकूण जोरातून ते वजा करायचं, उरलेला हिस्सा वजनाच्या प्रमाणात मोठा करायचा आणि त्यात खऱ्या जहाजाचं घर्षण मिळवायचं. आज जगभर मॉडेलवरून जहाजाचा जोर काढताना मूळ विचार हाच असतो.

पण ऐकणार कोण? या विषयावर नेमलेल्या समितीने प्रयोग खऱ्या जहाजांवरच करावेत असं ठरवलं. समितीत असूनही फ्रूड यांनी आपलं वेगळं मत नोंदवलं. ग्रेट ईस्टर्न ज्यांच्या यार्डात बांधलं गेलं, ते जॉन स्कॉट रसेल म्हणजे या क्षेत्रातलं मोठं प्रस्थ. त्यांनी भर सभेत असा सूर लावला, की या छोट्या प्रयोगांतून करणाऱ्याला आनंद मिळेल, मोठ्या जहाजांच्या उपयोगाचं काही हाती लागणार नाही. हे वाचलं आणि मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसून राहिलो. आमच्या यादीवाल्यांचंच बोलणं, दीडशे वर्षांपूर्वीचं!

तरीही नौदलाचे मुख्य रचनाकार एडवर्ड रीड यांच्या पाठिंब्यामुळे १८७० मध्ये दोन हजार पौंड मंजूर झाले. फ्रूड यांनी स्वतःसाठी पगार घेतला नाही. टॉर्की गावी आपल्या घराजवळ त्यांनी २७८ फूट लांबीचा हौद बांधला. वरून रूळ, रुळांवर गाडा, गाडा ओढायला वाफेचं इंजिन आणि जोराची नोंद कागदावर आपोआप काढणारं यंत्र. मॉडेलं पॅराफिन मेणाची, म्हणजे आपल्या मेणबत्तीच्या मेणाची. कापायला सोपं, चुकलं तर वितळवून पुन्हा ओतता येतं. १८७२ मध्ये हौदात काम सुरू झालं तेव्हा फ्रूड एकसष्ट वर्षांचे होते. आपल्याकडे या वयात लोक रिटायर झालेले असतात.

खरी परीक्षा ग्रेहाउंडची. ही १७२ फुटांची खरी युद्धनौका. १८७१ मध्ये दुसऱ्या नौकेने तिला भर समुद्रात ओढलं, ओढणारीने ढवळलेलं पाणी मध्ये येऊ नये म्हणून बाजूला काढलेल्या लांब दांड्यावरून. दोरावरचा जोर मोजला. मग हौदात तिचंच एक सोळांश मॉडेल ओढलं, अर्थात एक चतुर्थांश वेगाने. घर्षणाची दुरुस्ती करून दोन्ही आलेख शेजारी ठेवले आणि ते जुळले! १८७४ मध्ये हे निकाल प्रसिद्ध झाले. त्यानंतर मॉडेलला खेळणं म्हणणाऱ्यांचा आवाज कमी झाला.

१८७६ मध्ये त्यांना रॉयल सोसायटीचं पदक मिळालं. १८७७ मध्ये त्यांनी इंजिनाची ताकद पाण्याच्या साहाय्याने मोजणारा डायनॅमोमीटर मांडला. मेकॅनिकलच्या लॅबमध्ये आपण ज्या हायड्रॉलिक डायनॅमोमीटरवर रीडिंग घेतो (किंवा मागच्या बॅचच्या जर्नलमधून उतरवतो!), तो याच वंशातला. १८७८ मध्ये त्यांची पत्नी गेली. मन आणि शरीर दोन्ही थकलेल्या फ्रूड यांना नौदलाने पाहुणा म्हणून जहाजावरून दक्षिण आफ्रिकेला नेलं. तिथे सायमन्स टाउनला हगवणीने आजारी पडून ४ मे १८७९ रोजी त्यांचं निधन झालं. वय ६८. नौदलाच्या इतमामात त्यांना तिथेच दफन केलं. हौदाचं काम त्यांचा मुलगा रॉबर्ट एडमंड यांनी पुढे चालवलं.

फ्रूड यांनी विमान पाहिलं नाही. पहिलं विमान उडालं १९०३ मध्ये, पाण्यावरून पहिलं उडालं १९१० मध्ये. पण उडत्या बोटीचं दुखणं त्यांच्याच वहीतलं होतं. बोट वेग घेऊ लागली, की स्वतःच उठवलेल्या लाटेवर चढताना तिला सगळ्यात जास्त जोर लागतो. ती टेकडी ओलांडली, की ती पाण्यावर घसरू लागते. पोटाला पाणी चिकटून राहू नये म्हणून पोटाखाली एक पायरी ठेवावी लागते. हे सगळं हौदात मॉडेल ओढूनच ठरवलं गेलं. अमेरिकेत १९३१ मध्ये लँग्लीला खास या कामासाठी सुमारे २००० फूट लांबीचा हौद बांधला. आपल्या महाराष्ट्रातही १९१६ मध्ये सुरू झालेल्या आणि आता खडकवासल्याला असलेल्या जल आणि विद्युत संशोधन केंद्रात बंदरं आणि धरणांचे सांडवे यांची मॉडेलं होतात, ती फ्रूड यांच्याच नियमाने.

एवढं वाचून आम्ही सरांकडे परत गेलो आणि गणित मांडलं. लांबी २५ पट लहान, म्हणजे वजन २५ गुणिले २५ गुणिले २५, म्हणजे १५,६२५ पट कमी. पूर्ण भरलेली कॅटलिना सुमारे १६ टनांची. म्हणजे आमची बोट साधारण एक किलोची हवी. मेसच्या काट्यावर ठेवली तर पाव किलोच्या आसपास! हलकी करण्यासाठी आम्ही जी धडपड केली होती तीच चुकली होती. मग पोटात नटबोल्ट आणि वाळूच्या पुड्या बसवल्या आणि तोल पंखाखाली येईल असं पाहिलं. वेग २५ च्या वर्गमुळाने, म्हणजे पाच पट कमी. लाटांची वेळही पाच पट कमी, म्हणून चित्रण सेकंदाला १२० फ्रेमने करायचं आणि २४ फ्रेमने दाखवायचं. पायरीही विसरलो होतो, ती पोटाखाली कापली आणि कडा मेणबत्तीच्या मेणाने गुळगुळीत केल्या.

हौद पुन्हा मागायची सोय नव्हती. मंगरुळपीरकडे माझ्या मामांचं शेततळं आहे. मामा आधी म्हणाले, हरभऱ्याचं पाणी आहे, त्यात काय खेळता? पाणी सांडणार नाही, घाण होणार नाही, हे पटल्यावर तयार झाले. अस्तराचं प्लास्टिक फार निसरडं असतं, म्हणून त्यांनी काठाला दोर बांधला, ट्यूब फुगवून ठेवली आणि स्वतः उभे राहिले. सायकल उलटी ठेवली, मागच्या चाकाचा टायर काढला आणि रिमवर तंगूस गुंडाळत बोट ओढली. रिमचा घेर जवळपास दोन मीटर. सेकंदाला एक फेरी, म्हणजे खऱ्या कॅटलिनाचे ताशी ३६ किलोमीटर. एकजण टाळी वाजवून ताल देत होता, एकजण पेडल फिरवत होता.

पहिल्या दोन खेपांना नाक पाण्यात गेलं. वाळू थोडी मागे सरकवली. तिसऱ्या खेपेला बोट जडपणे निघाली, नाक वर झालं, मागे लाटेचा डोंगर उभा राहिला, आणि मग ती त्यावरून पुढे सरकून घसरायला लागली. संध्याकाळी खळ्यात बसून मोबाइलवर पाचपट हळू करून पाहिलं. लाट संथ उचलली गेली, फुटली, बाजूला पसरली. मामांनी दोनदा पाहिलं आणि विचारलं, हे कोणत्या धरणावरचं आहे?

एक गोष्ट मात्र जमली नाही. उडणारे तुषार. मॉडेलजवळचा तीन मिलिमीटरचा थेंब खऱ्या मापात साडेसात सेंटिमीटरचा होतो, चिंचोक्याऐवजी लिंबू! पाण्याचा पृष्ठताण आपल्या प्रमाणपट्टीला जुमानत नाही. साबण टाकला तर थेंब थोडे बारीक होतात, पण हरभऱ्याच्या पाण्यात साबण कसा टाकणार? प्रदर्शनात आम्ही बोटीखाली पाटीच लावली: लाटा खऱ्या प्रमाणात, थेंब नाहीत. फ्रूड यांच्याकडून शिकलो ते एवढंच. लहान वस्तू मोठ्याबद्दल खरं सांगते, पण तिला योग्य वजनाने आणि योग्य वेगाने विचारावं लागतं. आणि जे ती सांगू शकत नाही, ते वेगळं काढून मोकळेपणी मान्य करावं लागतं.

बोटीला तिसरा क्रमांक मिळाला. आता ती लॅबमधल्या कपाटावर आहे. ज्युनिअर्सना हवी असेल तर घ्या, स्प्रिंग बॅलन्स लावून ओढण्याचा जोर मोजायचं आमच्याकडून राहिलंय.

राहिलेला विषय मी पुढच्या परीक्षेत पुन्हा दिला. फ्रूड नंबरचा प्रश्न होताच. सूत्र लिहिलं, खाली कॅटलिनाचं उदाहरण लिहिलं, हंस आणि कावळ्याची आकृती काढली, चांगलं दीड पान भरलं. मार्क मिळाले दोनच. पण विषय सुटला!